वाचकांचे प्रश्न : मालिकेतला दवाखाना आणि आपल्या घरातला आजार

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत कोणत्या ना कोणत्या दूरचित्रवाणी मालिकेचा उल्लेख आहे. रुग्णालयात घडणाऱ्या हिंदी-मराठी मालिका आपल्याकडे घरोघर पाहिल्या जातात, महाविद्यालयातली मुले इंग्रजी मालिकाही मोबाइलवर पाहतात, आणि पडद्यावरच्या आजाराची आपल्या माणसाच्या आजाराशी मनोमन तुलना होत राहते. बीड, परभणी, लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील रुग्णांमध्ये तीस वर्षे काढल्यावर माझे असे मत झाले आहे की, या मालिकांत आजाराचे नाव बहुधा खरे असते, औषधाचे नावही पुष्कळदा खरे असते, पण वेळेचा हिशेब मात्र जवळजवळ नेहमीच चुकलेला असतो. ज्याला आठवडे लागतात ते एका भागात उरकते, आणि जिथे एकेक मिनिट मोलाचे असते तिथे पात्रे उभी राहून बोलत राहतात. हा हिशेब लोकांच्या मनात बसतो आणि त्याचे परिणाम आम्हाला अपघात विभागाच्या दारात दिसतात, म्हणून या वेळी सगळी जागा याच पत्रांना दिली आहे.

प्रश्न : माझे यजमान मागच्या पावसाळ्यात रुग्णालयात असतानाच गेले. मॉनिटरवरची रेघ सरळ झाली तेव्हा डॉक्टरांनी पाऊण तास त्यांची छाती दाबली, पण शॉक देण्याचे यंत्र शेजारी असूनही ते लावले नाही. मालिकेत रेघ सरळ झाली की लगेच शॉक देतात आणि माणूस डोळे उघडतो. आमच्या बाबतीत हयगय झाली का, या विचाराने मला झोप लागत नाही. (एक निवृत्त शिक्षिका, सेलू)

उत्तर : बाई, आपण लिहिले आहे तसेच घडले असेल, तर हयगय झालेली नाही. रेघ सरळ असताना शॉक द्यायचा नसतो आणि तो न देणे हाच योग्य उपचार होता.

हृदय सूक्ष्म विद्युत लहरींच्या तालावर चालते. काही रुग्णांत हा ताल बिघडून हृदयाचे स्नायू नुसते थरथरू लागतात, रक्त पुढे ढकलले जात नाही आणि मॉनिटरवर वेडीवाकडी, दाट नागमोडी रेघ दिसते. भजनात ताल सुटून प्रत्येक टाळकरी आपापल्या गतीने वाजवू लागला, तर सगळ्यांना क्षणभर थांबवून पुन्हा समेवर आणता येते. शॉक नेमके हेच काम करतो. तो हृदयाला सुरू करत नाही, एका क्षणासाठी थांबवतो, आणि मग हृदयातील मूळ केंद्राने पुन्हा ताल धरावा अशी अपेक्षा असते. रेघ सरळ होते तेव्हा मात्र सगळे टाळ खाली ठेवलेले असतात आणि थांबवण्यासारखे काही उरलेलेच नसते. अशा वेळी छाती दाबत राहणे, श्वास देणे, दर ३ ते ५ मिनिटांनी अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन देणे आणि हृदय थांबण्यामागे दूर करता येईल असे काही कारण आहे का ते शोधणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. पाऊण तास छाती दाबणे किती कष्टाचे असते ते मी जाणतो; दोन मिनिटांत माणूस घामाने भिजतो आणि दुसऱ्याला जागा द्यावी लागते. आपल्या यजमानांसाठी कितीतरी हात आळीपाळीने राबले असले पाहिजेत.

मालिकांनी या बाबतीत किती गैरसमज पसरवला आहे, हे अमेरिकेतील संशोधकांनी मोजून पाहिले होते. तेथील तीन कार्यक्रमांचे ९७ भाग त्यांनी पाहिले, त्यांत हृदय बंद पडून छाती दाबण्याचे ६० प्रसंग निघाले, आणि त्यांपैकी ७५ टक्के रुग्ण त्या क्षणी वाचलेले दाखवले होते. १९९६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्यक्षात रुग्णालयात हृदय बंद पडलेल्या रुग्णांपैकी घरी परत जाणारे, चांगल्या सोयी असलेल्या देशांतही, साधारण चारात एक एवढेच असतात, आणि रुग्णालयाबाहेर ते प्रमाण दहात एकाच्या आसपास येते. शिवाय पडद्यावरचे रुग्ण बहुतेक तरुण असतात आणि खऱ्या खाटेवर बहुधा वयस्क, आधीच थकलेले शरीर असते.

पुढच्या वेळी असा प्रसंग पडद्यावर आला तर छाती दाबणाऱ्या नटाच्या कोपराकडे पाहावे. तो वाकलेला असतो, कारण खाली जिवंत माणूस झोपलेला असतो आणि जोर लावला तर त्याची बरगडी मोडेल. खरे दाबताना कोपर ताठ ठेवून, छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल दाबावे लागते आणि त्यात बरगडी मोडलीच तरी थांबायचे नसते. घरात कोणी अचानक कोसळले, हाक मारून प्रतिसाद देत नसले आणि श्वास नीट चालत नसला, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी दाबायला सुरुवात करावी. ही पद्धत शाळेतल्या मोठ्या मुलांनाही शिकवता येते. आपण आयुष्यभर शिकवलेले आहे, म्हणून हे आपल्यालाच लिहीत आहे.

प्रश्न : पान लागलेल्या, म्हणजे साप चावलेल्या, माणसाची जखम चिरून नायकाने विष तोंडाने ओढून काढले आणि पुढे दवाखान्यात एका इंजेक्शनवर माणूस उठून बसला, असे मालिकेत दाखवले. मागच्या वर्षी आमच्या आखाड्यावर सालगड्याच्या मुलाला रात्री काहीतरी चावले. सूज नव्हती, दुखत नव्हते, लिंबाचा पाला कडू लागत होता, म्हणून सकाळपर्यंत थांबलो. त्याला आठ दिवस श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले. इतका वेळ का लागला? विंचवाबद्दलही सांगावे. (एक शेतकरी, जिंतूर तालुका)

उत्तर : दादा, मूल वाचले हे आधी वाचले आणि मग बाकीचे पत्र वाचू शकलो. आपण वर्णन केलेली रात्र मण्यारीची आहे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, तिचे दात बारीक असल्याने खूण दिसेलच असे नाही, सूज येत नाही आणि वेदनाही फारशी होत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, मग पापण्या जड होऊन खाली येतात, गिळता येत नाही, शब्द अडखळतात आणि त्यानंतर श्वासाचे स्नायू थकत जातात. आपल्या भागात पावसाळ्यात जमिनीवर झोपलेले मूल पहाटे पोट धरून उठले आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर ते अन्नाचे अजीर्ण समजू नये. लिंबाचा पाला कडू लागतो की नाही यावरून विषाचा काहीही अंदाज येत नाही. मण्यारीचे विष अंगात भिनलेल्या माणसालाही तो कडूच लागतो.

आठ दिवस लागण्याचे कारण या विषाच्या कामात आहे. मज्जातंतू जिथे स्नायूला आज्ञा पोहोचवतो, तिथले टोकच मण्यारीचे विष निकामी करते. सापाचे इंजेक्शन रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करते, पण आधीच निकामी झालेली टोके त्याने दुरुस्त होत नाहीत. ती शरीराला नव्याने उगवावी लागतात आणि तोपर्यंत श्वास यंत्राने द्यावा लागतो. या काळात रुग्ण डोळे उघडू शकत नाही, बोट हलवू शकत नाही, बाहुल्याही प्रकाशाला दाद देत नाहीत आणि नातेवाइकांना वाटते की सगळे संपले. तो मात्र पुष्कळदा सगळे ऐकत असतो. अशा मुलाच्या खाटेशेजारी रडारड करू नका, त्याच्याशी नेहमीसारखे बोला, असे मी प्रत्येक आईला सांगत आलो आहे. बरे झाल्यावर त्यांतल्या काही मुलांनी आपल्याजवळ कोण काय बोलले ते मला सांगितलेले आहे.

घोणस आणि फुरशाचे विष वेगळे वागते, ते रक्ताची गोठण्याची शक्ती संपवते. त्याची तपासणी कुठल्याही मालिकेत दाखवत नाहीत, पण ती तालुक्याच्या दवाखान्यातही होते. कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेतात, नळीला चिकटपट्टी लावून तिच्यावर वेळ लिहितात आणि २० मिनिटे ती अजिबात न हलवता ठेवतात. मग एकदाच तिरपी करून पाहतात. रक्ताची गुठळी जागेवर राहिली तर ठीक. पाण्यासारखे वाहिले तर विष भिनले आहे. ही तपासणी दर सहा तासांनी पुन्हा करावी लागते, म्हणून बरा दिसणाऱ्या रुग्णालाही घरी सोडत नाहीत.

इंजेक्शनही एक नसते. सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात, त्या सलाईनमधून सुमारे तासाभरात दिल्या जातात, आणि लहान मुलाला मोठ्या माणसाइतकाच डोस लागतो, कारण सापाने मुलाला कमी विष दिलेले नसते. कुपीतील भुकटी पाण्यात विरघळवताना जोरात हलवली तर फेस होतो, म्हणून परिचारिका ती दोन तळहातांमध्ये हळूहळू फिरवत असते. बाहेर उभ्या नातेवाइकांना हा वेळकाढूपणा वाटतो. हे औषध घोड्याच्या रक्तापासून तयार केलेले असल्यामुळे त्याची तीव्र रिअ‍ॅक्शन येऊ शकते आणि त्यासाठी अ‍ॅड्रेनालिन भरलेली सिरिंज शेजारी ठेवावी लागते.

जखम चिरणे आणि चोखणे यांनी विष निघत नाही, चिरल्याने रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग मात्र होतो. घट्ट दोरी बांधल्याने हात किंवा पाय गमावलेले रुग्ण मी पाहिले आहेत. अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत, हाड मोडल्यावर जशी फळी बांधतो तशी सैल बांधून तो अवयव हलू देऊ नये, सापाच्या मागे लागू नये, मारुतीच्या पारावर किंवा मांत्रिकाकडे वेळ घालवू नये आणि तडक दवाखाना गाठावा. भारतात २००० ते २०१९ या २० वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुसंख्य माणसे खेड्यांत राहणारी होती.

विंचवाबद्दल एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात मुले फुप्फुसात पाणी भरून दगावत असत. प्राझोसिन या रक्तदाबावरील साध्या, स्वस्त गोळीने ते मृत्यू मोठ्या प्रमाणात टळू शकतात, हे १९८०च्या दशकात महाड परिसरात काम करताना दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले आहेत. हातपाय गार पडणे, घाम फुटणे आणि उलटी होणे ही लक्षणे दिसली तर विंचवाचा दंशही घरी अंगावर काढू नये.

प्रश्न : मालिकेत वैद्य नाडी पाहून सुनेला दिवस गेल्याचे लगेच सांगतात. माझ्या सासूबाईंचाही त्यावर विश्वास आहे. (एक गृहिणी, कळंब)

उत्तर : गरोदरपणात नाडी थोडी जलद होते, पण ती तापाने, रक्त कमी असल्याने आणि काळजीनेही जलद होते, म्हणून तिच्यावरून निदान होत नाही. पाळी चुकल्यावर लघवीची तपासणी करावी. आशा कार्यकर्तीकडे त्याची पट्टी मिळते.

प्रश्न : इंग्रजी मालिकेवरून जर्मनीतील एका डॉक्टरांनी खऱ्या रुग्णाचा आजार ओळखला, असे मित्र सांगतो. हे खरे आहे का? तसेच त्या मालिकेत ल्युपस हा आजार वारंवार येतो, तो आपल्याकडे असतो का? (वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणारा एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : हे खरे आहे. मारबुर्ग येथील डॉ. युर्गेन शेफर ‘हाऊस’ या अमेरिकन मालिकेचा उपयोग विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी करीत असत. २०१२ मध्ये त्यांच्याकडे एक ५५ वर्षांचा रुग्ण आला. त्याचे हृदय दुर्बल झाले होते, ताप होता, थायरॉइडचे काम मंदावले होते, दिसणे आणि ऐकणे कमी होत चालले होते. या सगळ्यांना जोडणारे सूत्र इतर डॉक्टरांना सापडले नव्हते. त्याच्या खुब्याचा कृत्रिम सांधा पूर्वी सिरॅमिकचा होता, तो फुटल्यावर त्या जागी धातूचा बसवला होता, आणि आत राहिलेल्या सिरॅमिकच्या बारीक कणांनी तो धातू झिजून कोबाल्ट रक्तात उतरत होते. मालिकेच्या एका भागात कोबाल्टच्या विषबाधेची अशीच कथा होती आणि ती शेफर यांच्या लक्षात होती. रक्तातील कोबाल्ट मोजले, ते फार वाढलेले निघाले, सांधा बदलला आणि रुग्णाची प्रकृती सुधारली. २०१४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात ही हकिकत छापून आली.

यात एक गोष्ट नीट पाहावी. शेफर यांना मालिका आठवली हे खरे, पण त्या रुग्णाचे जुने शस्त्रक्रियेचे कागद त्यांनी वाचले नसते आणि खुब्याचे काय झाले हे विचारले नसते, तर ती आठवण कामाला आली नसती. आपल्याकडे रुग्ण प्लॅस्टिकच्या पिशवीत दहा वर्षांचे कागद घेऊन येतो आणि बाहेर दीडशे माणसे रांगेत असतात. ती पिशवी उघडून खालपासून वाचणारा डॉक्टर तू व्हावेस, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ल्युपस आपल्याकडे निश्चित आहे. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते असा हा आजार आहे, तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे नऊपट आढळतो आणि बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. मालिकेत तो एका भागात तपासून बाजूला ठेवला जातो. प्रत्यक्षात सांधेदुखी, बारीक ताप, केस गळणे, उन्हाने गालावर उठणारा लाल चट्टा या तक्रारी घेऊन बाई वर्ष-दोन वर्षे दवाखाने बदलत राहते, प्रत्येक ठिकाणी अशक्तपणाची सलाईन घेते, आणि मूत्रपिंडाला सूज येऊन चेहरा फुगल्यावर कोणीतरी लघवीतील प्रथिने तपासते. कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या बाईच्या गालावरचा चट्टा उन्हाचाच असेल, असे सगळेजण समजतात, आणि डॉक्टरही त्याला अपवाद नाहीत.

प्रश्न : डोक्याला मार लागून माणूस स्वतःचे नाव विसरतो आणि पुन्हा मार लागला की सगळे आठवते, हे शक्य आहे का? आणि वर्षानुवर्षे कोमात राहून माणूस उठतो का? माझा भाऊ मोटारसायकलवरून पडला होता, म्हणून विचारतो. (एक वाचक, वसमत)

उत्तर : दुसऱ्या माराने आठवण परत येत नाही, जे शिल्लक आहे तेही जाण्याचा धोका असतो. डोक्याला मार लागल्यावर बहुधा अपघाताच्या आसपासची आठवण पुसली जाते, जुनी आठवण आणि स्वतःची ओळख टिकून राहते. असा रुग्ण आपले नाव, गाव, वडिलांचे नाव बरोबर सांगतो, पण “मी इथे कसा आलो?” हे दर पाच मिनिटांनी विचारतो, आणि दिलेले उत्तर लगेच विसरतो. पडद्यावर याच्या नेमके उलट दाखवतात.

बेशुद्धी किती खोल आहे हे मोजण्याची पद्धत ग्लासगो येथील डॉ. टीसडेल आणि डॉ. जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हातापायांची हालचाल यांना गुण देऊन ३ ते १५ असा आकडा काढतात, आणि ८ किंवा त्याहून कमी म्हणजे कोमा. ‘आज ६ आहे, काल ५ होता’ असे डॉक्टर बोलतात ते हेच. डोळे मिटलेला खरा कोमा सहसा काही आठवड्यांपेक्षा जास्त टिकत नाही. त्यानंतर रुग्ण एक तर सुधारू लागतो, दगावतो किंवा डोळे उघडतो पण भोवतालचे भान नसते, अशा अवस्थेत जातो. लांबलेल्या आजारात स्नायू झडतात, सांधे आखडतात, अन्न नाकातल्या नळीने जाते आणि दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. ही सेवा घरातली बाई महिनोन् महिने करीत असते. तिला मालिकेत जागा नसते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

भावाबद्दल आपण काळजीचे काही लिहिलेले नाही, तरीही एक इशारा सर्वांसाठी देतो. ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर दिवा नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात आणि रात्री त्यांवर आदळणाऱ्या तरुणांची संख्या वाढते. पडलेला मुलगा उठतो, कपडे झटकतो, चहा पितो, घरी येऊन झोपतो आणि काही तासांनी उठत नाही. कवटी आणि मेंदूवरचे आवरण यांच्या मध्ये रक्त साचत असताना मधला काही काळ माणूस अगदी ठीक दिसू शकतो. वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी किंवा एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट पाहू नये.

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलीला दोनदा फिट आली. मालिकेत फिट येणाऱ्या मुलीला वेडी ठरवतात, लोक तिला चप्पल हुंगायला लावतात. आमच्याकडेही तेच झाले. गोळ्या चालू आहेत. लग्न होईल का, आणि झाले तर मोडेल का, ही काळजी आहे. (एक आई, भूम)

उत्तर : ताई, फिट हा मेंदूतील विद्युत लहरींचा क्षणिक बिघाड आहे आणि वेडाशी त्याचा संबंध नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. चपलेने किंवा कांद्याने थांबले असे वाटते, कारण चप्पल शोधून आणेपर्यंत तेवढी मिनिटे गेलेली असतात. मुलीला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, दातांत चमचा किंवा बोट घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरा आला, तर लगेच दवाखान्यात न्यावे.

मुलीच्या मेंदूचा स्कॅन झालेला नसेल तर डॉक्टरांना त्याबद्दल विचारावे. आपल्या देशात फिटचे एक नेहमी आढळणारे कारण म्हणजे पट्टकृमीच्या अंड्यांतून मेंदूत तयार होणारी गाठ. ती अंडी घाणीच्या पाण्यातून, न धुतलेल्या पालेभाजीतून पोटात जातात, म्हणून जन्मभर मांसाहार न केलेल्या माणसालाही ही गाठ होते, आणि ती औषधाने बरी होऊ शकते. गोळ्या मात्र झटके थांबले म्हणून बंद करू नयेत. किमान दोन वर्षे झटका न आल्यावर डॉक्टर त्या हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. मालिकेत पुढच्याच भागात मुलगी बरी झालेली असते, आणि मला वाटते की गोळ्या मध्येच सोडण्यामागे ते एक कारण आहे.

लग्नाबद्दल कायदा आपल्या बाजूने आहे. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात फिट येणे हे विवाह रद्द ठरवण्याचे एक कारण धरले जात असे; १९९९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकण्यात आले. लग्न ठरवताना आजार लपवू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण लपवलेल्या आजाराच्या गोळ्या लपून घ्याव्या लागतात, त्या चुकतात, आणि झटका नेमका सासरी येतो. गरोदरपणात काही गोळ्या बदलाव्या लागतात, म्हणून लग्न ठरले की डॉक्टरांची आधी भेट घ्यावी.

प्रश्न : हृदयविकाराचा झटका आला की माणूस छाती धरून पडतो असेच पाहिले होते. माझ्या आईने फक्त ‘पित्त झाले, जीव घाबरतो’ असे म्हटले आणि आम्ही रात्रभर पित्ताच्या गोळ्या दिल्या. आईला साखरेचा आजार आहे. (एक वाचक, माजलगाव)

उत्तर : साखरेचा आजार असलेल्यांत आणि विशेषतः स्त्रियांत छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. दम लागणे, दरदरून घाम, पोटाच्या वरच्या भागात जडपणा, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, विनाकारण गळून जाणे, एवढेच दिसते. गुठळी विरघळवणारे औषध साधारण पहिल्या १२ तासांत उपयोगी पडते आणि पहिल्या एक-दोन तासांत सर्वांत जास्त, म्हणून अशा तक्रारीत आधी ईसीजी काढावा आणि पित्ताचा विचार नंतर करावा. पहिला ईसीजी चांगला आला तरी त्रास चालू असल्यास काही वेळाने तो पुन्हा काढायला सांगावे. आपण दोष स्वतःकडे घेऊ नये. ही चूक शिकलेल्या घरांतही रोज होते.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. गावातील एका बाईंच्या स्तनात सहा महिन्यांपासून गाठ आहे, पण ती दुखत नाही म्हणून त्या दाखवत नाहीत. मालिकेत कॅन्सर नेहमी शेवटच्या स्टेजचाच असतो, म्हणून ‘कळून तरी काय उपयोग, आणि सुई लावली की तो पसरतो’ असे त्या म्हणतात. त्यांना काय सांगू? (भोकरदन तालुका)

उत्तर : आशाताई, पहिली गोष्ट अशी सांगा की गाठ दुखत नाही, म्हणूनच ती दाखवायची आहे. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची होणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तासारखे पाणी येणे, काखेत गाठ लागणे, ही लक्षणे तुम्ही स्वतः विचारून घ्या. तरीही प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, हेही त्यांना सांगा, कारण त्या त्याच भीतीने घरात बसलेल्या आहेत.

मालिकेला गोष्ट सांगायला शेवटचा टप्पा सोयीचा पडतो. पहिल्या टप्प्यात निदान झालेली, शस्त्रक्रिया करून, औषधे घेऊन, पुढच्या हंगामात पुन्हा शेतात उभी राहिलेली बाई पडद्यावर येत नाही, पण अशा बाया तुमच्या तालुक्यातही असतील. त्यांतली एखादी तयार असेल तर तिलाच सोबत घेऊन जा. माझ्या दहा वाक्यांपेक्षा तिचे एक वाक्य जास्त ऐकले जाईल. केमोथेरपीने गेलेले केस उपचार संपल्यावर पुन्हा येतात, हेही तिच्याच डोक्याकडे पाहून पटेल.

सुईने कॅन्सर पसरतो ही भीती मी इतक्या ठिकाणी ऐकली आहे की तिच्याबद्दल नीट बोलले पाहिजे. सुईने गाठीतील पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ती गाठ कोणती आहे हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय कोणताही उपचार ठरत नाही. सुईनंतर गाठ वाढली असे लोकांना दिसते, कारण तपासणीनंतर घाबरून दवाखाना सोडला जातो आणि मधल्या काळात आजार स्वतःच्या गतीने वाढतो. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालयात ही तपासणी आणि पुढचे उपचार दोन्ही होतात, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचार मोडतात. त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार कार्ड लागेल, ते आधीच काढून ठेवायला सांगा. घरातल्या पुरुषांना सोबत घ्या, कारण नेण्याचा निर्णय त्यांच्याकडे अडतो.

पहिल्या दिवशी बहुधा तपासणी होईल आणि तारीख मिळेल, सगळे त्याच दिवशी होणार नाही, हे त्यांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. नाहीतर त्या परत येऊन पुन्हा जाणार नाहीत. सुईच्या तपासणीचा अहवाल हाती आला की त्याची प्रत बाईंच्या संमतीने या सदराच्या पत्त्यावर पाठवा. त्यात काय लिहिले आहे ते मी वाचून तुम्हाला सोप्या शब्दांत कळवीन.